शेंगोळ्यांच्या स्टॉलवरचा शिरा

लग्न होऊन नगर जिल्ह्यातल्या कर्जतकडच्या सासरी गेले, तेव्हा सुरुवातीला मला रोज काहीतरी गोड मिळायचं. शिरा, खीर, तुपातली पोळी. मी म्हणायचे, नशीब काढलं. बाकीचं घर मात्र चुलीपाशी बसून लसणाच्या वासाचं काहीतरी भुरकायचं आणि मी दिसले की ताटं आड धरायचं. मग एका थंडीच्या दिवशी मोठ्या जाऊबाईंनी न विचारता ते माझ्याही ताटात वाढलं. शेंगोळी. हुलग्याच्या पिठाची, हातावर वळलेली, झणझणीत रश्शात शिजवलेली. हुलगे म्हणजे आमच्याकडे बैलांचा खुराक. ते पाहुण्याला वाढणं म्हणजे त्याचा अपमान. तेव्हा मला कळलं, की आपण आता या घरात पाहुण्या राहिलो नाही. शिरा त्या दिवसापासून बंद झाला.

पुढे आम्ही नगरात राहायला आलो. शहराचं नाव आता बदललंय, पण जिभेला अजून नगरच येतं. माझा एक जुना राग आहे. कोल्हापूर म्हटलं की लोकांना तांबडा-पांढरा रस्सा आठवतो, आणि नगर म्हटलं की विचारतात, "शिर्डीला जाताना लागतं तेच ना?" त्यामुळे शहरात खाद्य महोत्सव भरणार आणि पहिला येणारा पदार्थ नगरची ओळख म्हणून मिरवणार, असं कळल्यावर मी कंबर कसली. बचत गटाच्या नावानं शेंगोळ्यांचा स्टॉल घेतला आणि जाऊबाईंना गावाहून बोलावलं. त्यांच्यासारखी शेंगोळी पंचक्रोशीत कुणाची होत नाहीत.

"शेंगोळी? चार लोकांत?" त्या फोनवर म्हणाल्या. "त्यापरीस पुरनपोळ्या करू की."

मी हट्टाला पेटले होते. शेवटी त्या पिठाची पिशवी घेऊन आल्या. फ्लेक्सवाल्याला शेंगोळ्यांचा फोटो सापडला नाही, म्हणून त्यानं चकलीचा टाकला होता. बाकी तयारी चोख होती.

नेमकी मी पाण्याचा जार आणायला गेले आणि परीक्षक आले. परत येऊन पाहते तर पुण्याची तीन परीक्षक मंडळी खुर्च्यांवर बसून शिरा खात होती. काजू-बेदाणे घातलेला, तूप सुटलेला. रवा-तूप जाऊबाईंनी "असावं जवळ" म्हणून गुपचूप आणलं होतं. डोक्यावरून पदर घेऊन त्या आग्रह करत होत्या, "घ्या, लाजू नका." आणि शेंगोळ्यांचं पातेलं पडद्यामागे. तिथं मांडववाले आणि शेजारचा भेळवाला मांडी घालून भुरके मारत होते.

एका परीक्षकांनी फ्लेक्सकडे बघून विचारलं, "चकली संपली का?"

"संपली," जाऊबाई म्हणाल्या.

संध्याकाळी निकाल लागला. पहिला क्रमांक शिऱ्याला. माइकवरून सांगितलं, की हा शिरा म्हणजे नगरच्या मातीचा सुगंध आहे. जाऊबाईंनी शाल-नारळ घेतला. मी टाळ्या वाजवल्या, पण अंगाचा नुसता तिळपापड झाला होता.

रिक्षात मी तोंड सोडलं. "नाक कापलंत माझं. ह्यासाठी आणलं होतं तुम्हाला?"

"पाव्हनं हुतं ते. पाव्हन्याला हुलगं घालू व्हय?"

"मग मांडववाल्यांना बरं घातलंत?"

"ते सकाळधरनं आपल्यासंगं राबत्यात. ते कसलं पाव्हनं?"

मी आवाज चढवला. "शहरातलं तुम्हाला काही कळत नाही. गावची रीत गावात ठेवायची." घर येईपर्यंत रिक्षावाला तेवढा बोलत होता.

घरी आल्यावर त्यांनी उरलेली शेंगोळी गरम केली. माझ्या नवऱ्याला वाढली, स्वतःला वाढून घेतली. माझ्यापुढे त्यांनी स्वच्छ पुसलेलं ताट ठेवलं. त्यात शिरा होता. वर तुपाची धार.

"घ्या," त्या म्हणाल्या. "लाजू नका."

मला आधी हसू आलं आणि मग एकदम रडू यायला लागलं. इतक्या वर्षांत इतकं गोड बोलून मला कुणी घराबाहेर काढलं नव्हतं. नवरा कधी माझ्याकडे तर कधी शिऱ्याकडे बघत होता. मी ते ताट त्याच्यापुढे सरकवलं, पातेलं ओढलं आणि आपल्या हातानं शेंगोळी वाढून घेतली. मी दोन घास खाल्ले, तिखटानं नाक वाहायला लागलं.

"रस्सा घे की गं जरा," त्या पळी पुढे करत म्हणाल्या. "कोरडी लागत्यात."