नदी दारात आली होती का?

मी एका विमा कंपनीत कोड लिहितो. पॉलिसी विकत नाही, क्लेम मंजूर करत नाही, कुणाला डिस्काउंटही मिळवून देऊ शकत नाही. पण इथे आयर्लंडात, कॉर्कच्या मराठी मंडळात हे कुणी ऐकून घेत नाही. त्यांच्या लेखी मी 'विम्यातला आशिष'. गणपतीची आरती संपून प्रसाद हातात पडायच्या आत कुणीतरी फोनवर आपली पॉलिसी उघडून माझ्यासमोर धरतं. मी वैतागत वैतागत वाचतो, कारण ज्याचं घर असतं त्यानं ती वाचलेली नसते. टाइल्सचा रंग ठरवायला तीन आठवडे घालवणारी ही हुशार माणसं विम्याच्या कागदांवर मात्र डोळे मिटून सही करतात. याचा मला राग येतो आणि तो मी लपवत नाही.

कौमुदीताई त्यातल्याच. औषधांच्या कंपनीत क्वालिटीचं काम करतात. तिथे एका रकान्यात तारीख चुकली तरी अख्खी बॅच अडवून धरणारी ही बाई, आणि घराची पॉलिसी पाकीट न फोडता स्वयंपाकघरातल्या प्रेसमध्ये, पोह्यांच्या डब्यामागे. कपाटाला प्रेस म्हणायची इथली सवय त्यांना लागली, कागद वाचायची नाही लागली.

त्यांचं घर कॉर्कपासून बसनं पाऊण तासावरच्या एका गावात आहे. मागचं दार उघडलं की तीन पायऱ्या, मग हातभर बाग, आणि बाग संपते तिथे नदी. त्या घर बघायला गेल्या तेव्हा मीही बरोबर होतो. एजंट हीटिंगबद्दल सांगत होता, त्यांचे यजमान उपेंद्रराव सिंकखाली डोकं घालून पाइप तपासत होते, आणि कौमुदीताई मागच्या पायरीवर जाऊन बसल्या होत्या. पाणी संथ होतं, तपकिरी, वर धुकं. बराच वेळ त्या उठल्याच नाहीत. शेवटी उपेंद्ररावांनी हाक मारली तेव्हा म्हणाल्या, "हेच घ्यायचं." आत किती खोल्या आहेत हे त्यांनी अजून पाहिलं नव्हतं.

त्या मूळच्या सांगलीच्या. कृष्णेपासून दोन गल्ल्या अलीकडे त्यांचं घर होतं. पुराचं पाणी ओसरलं की त्यांचे बाबा बैठकीच्या भिंतीवर जिथवर ओल आली तिथे पेन्सिलीनं बारीक रेघ ओढायचे आणि शेजारी साल लिहायचे. २००५ ची रेघ त्यांच्या खांद्याशी होती. २०१९ ची ओढायला त्यांना स्टुलावर चढावं लागलं. त्यानंतर त्यांनी घर विकलं. नव्या मालकानं पहिल्याच आठवड्यात भिंतींना रंग दिला, आणि ते कळल्यावर बाबा दोन दिवस जेवले नाहीत. कौमुदीताई हे सांगतात तेव्हा त्यांचा आवाज फार हळू होतो. म्हणतात, झोपेत ती भिंत अजून दिसते. पाणी शांतपणे जिना चढत असतं, आवाज नसतो, भीतीही वाटत नाही, आणि भिंतीवर बाबांचं अक्षर पाण्याखालूनही वाचता येतं. जाग आली की बाहेर नदी वाहत असते आणि कोणती नदी हे क्षणभर कळत नाही.

घर घेतल्यानंतरच्या दुसऱ्या नोव्हेंबरात ती नदी वर आली. तीन दिवस पाऊस, त्यात भरती. सकाळी पाहिलं तर बाग नव्हतीच, कुंपण आडवं होऊन वाहून गेलेलं, आणि पाणी मागच्या दाराच्या दुसऱ्या पायरीवर. उपेंद्रराव गालिचे गुंडाळत धावत होते. कौमुदीताई वर गेल्या आणि नऊवारी नाही, पण चांगली काठाची साडी नेसून खाली आल्या. हातात ताम्हन. नदी चढली की सांगलीत बायका तिची ओटी भरायला जातात, पाहुणी आलेल्या सवाशिणीची भरावी तशी. इथे नदीच दारात आली होती. त्यांनी हळदीकुंकू वाहिलं, तांदूळ, खण आणि नारळ पाण्यात सोडला, आणि हात जोडून उभ्या राहिल्या. उपेंद्ररावांनी त्याही गडबडीत फोटो काढला. तो मंडळाच्या ग्रुपवर आला, तिथून पुण्याला गेला, तिथून कुठे कुठे गेला देव जाणे. दुपारी पाणी उतरलं. घरात थेंब आला नाही.

दुसऱ्या दिवशी शेजारची नोरीन, सत्तरीची, एकटी राहणारी, दार वाजवून उभी. तिच्या भिंतीला अडकलेला नारळ तिनं स्वच्छ धुऊन पिशवीत घालून परत आणला होता. तुमचं काहीतरी वाहून गेलं होतं, म्हणाली.  कौमुदीताईंनी त्या नारळाच्या वड्या केल्या आणि अर्ध्या नोरीनला दिल्या. तिला त्या 'ग्रँड', म्हणजे इथल्या बोलीत छान, वाटल्या.

इथवर सगळं गोड होतं. गेल्या मार्चमध्ये पॉलिसीचं नूतनीकरण आलं. कंपनीनं या वेळी नवा फॉर्म पाठवला होता, आणि रविवारी दुपारी मला पोह्यांचं आमिष दाखवून बोलावण्यात आलं.

"आधी हे सांग," कौमुदीताई म्हणाल्या, "पाण्याचं सगळं कव्हर आहे ना?"

"पाणी पाणी सारखं नसतं, ताई. पाइप फुटून आलेलं पाणी वेगळं, नदीचं वेगळं. तुम्हाला दोन्ही आहे, आजपर्यंत तरी. भिंती, फरशी, आतलं सामान, आणि घर वाळेपर्यंत दुसरीकडे राहायचा खर्च."

"आणि कुंपण? आम्ही क्लेमच नाही केला त्याचा."

"केला असतात तरी मिळाला नसता. कुंपण, फाटक, बाग, यातलं काही पुराच्या कव्हरमध्ये नाही. भिंतीत हळूहळू मुरलेली ओलही नाही. आणि घर सलग पस्तीस दिवस बंद राहिलं, तर फुटलेल्या पाइपचंही नाही."

दोघं एकमेकांकडे बघायला लागले. डिसेंबरात ते सहा आठवडे पुण्याला जाऊन आले होते. आपल्याकडे इतक्या लांबून जायचं तर दीड महिना तरी राहायलाच हवं असा सगळ्यांचा हिशेब. परत आल्यावर किल्ली फिरवताना घर जागेवर आहे एवढंच आपण बघतो.

"नशीब थंडी कमी होती, पाइप गोठून फुटले नाहीत," उपेंद्रराव म्हणाले.

"नशिबावरच चाललंय तुमचं," मी म्हणालो.

मग अकरावा प्रश्न आला. घर, बाग किंवा आवार यांत यापूर्वी कधी पुराचं पाणी आलं आहे का? हो किंवा नाही. हो असल्यास तारीख.

"नाही," उपेंद्रराव म्हणाले. "घरात कुठे आलं? पायरीपर्यंत आलं. बेसिकली, क्लेमसुद्धा नाही केला आपण. त्यांना कोण सांगणार?"

मी काय होईल ते सांगितलं. 'हो' लिहिलं तर ही कंपनी बहुतेक पुराचं कव्हर काढून टाकेल, आणि दुसरीही सहज देणार नाही. 'नाही' लिहिलं आणि पुढे कधी उघड झालं, तर पुराचं सोडाच, आग लागली तरी ते हात वर करू शकतात. तो फोटोही तारखेसकट जगभर फिरलेला. काय लिहावं हे मात्र मी सांगितलं नाही. खरं सांगायचं तर माझ्याही मनात 'नाही'च होतं. लाज वाटते, पण होतं. या बाईसाठी पुराचं कव्हर म्हणजे काय होतं हे मला माहीत होतं. त्याच्या भरवशावर त्या नदीशेजारी झोपू शकत होत्या.

कौमुदीताई खिडकीतून बाहेर बघत होत्या. ऊन पडलं होतं, नदी खाली, तिच्या जागी, आणि पलीकडच्या काठावर कुणाची तरी कुत्री पाण्यात पाय बुडवून उभी होती.  पोहे गार झाले.

"मी तिची ओटी भरली, उपेंद्र," त्या म्हणाल्या. "दारात आलेल्या बाईची ओटी भरायची, आणि मग कुणी विचारलं की सांगायचं, छे, कुणी आलंच नव्हतं?"

"आणि उद्या ती आत आली तर? भिंती काय ती बांधून देणारे?"

"नाही देणार. मला माहितेय ते. तुम्हा दोघांपेक्षा जास्त माहितेय."

त्यांनी 'हो'वर खूण केली आणि तारीख लिहिली.  उपेंद्रराव उठून वर निघून गेले.

दहा दिवसांनी पत्र आलं. बाकी सगळं होतं तसं, पूर वगळला. घरावर कर्ज होतं म्हणून बँकेला कळवावं लागलं, तिनं बरेच प्रश्न विचारून शेवटी मान्य केलं. कौमुदीताईंनी त्या दिवशी पहिल्यांदा अख्खी पॉलिसी वाचली, कंपनीत वाचतात तशी पिवळ्या पेननं रेघा ओढत, आणि वगळलेला परिच्छेद उपेंद्ररावांना मोठ्यानं वाचून दाखवला.  पुढच्या शनिवारी उपेंद्ररावांनी पाणी अडवायला दाराला बसवायच्या फळ्या मागवल्या. मग फ्रिजखाली विटा आल्या, प्लग वर गेले, पुस्तकं माडीवर गेली. तिसऱ्या महिन्यात त्यांनी ड्रिल चालवता चालवता मला म्हटलं, "माझाच मूर्खपणा होता यार. पण भीती वाटते रे." मी म्हणालो, मलाही वाटते.

ऑक्टोबरात, शनिवारी सकाळी, नदी आली. आधी पायऱ्या, मग फळ्यांच्या फटींतून हळूहळू, अगदी गुपचूप. मी पोहोचलो तेव्हा स्वयंपाकघरात घोट्याच्या वर पाणी होतं आणि त्यावर तमालपत्राचं एक पान तरंगत होतं. कुणी ओरडत नव्हतं. नोरीन तिच्या घरातून टॉवेलांची चळत घेऊन आली होती, तिच्याकडेही पाणी शिरलेलं असताना. कौमुदीताई काठाची साडी वर खोचून पाण्यात उभ्या होत्या. या वेळी नारळ नोरीननं हातात धरला होता. ओटी भरून झाल्यावर कौमुदीताई म्हणाल्या, "ये आता," माहेरवाशिणीला निरोप द्यावा तशा, आणि मग तिथेच जिन्यावर बसून रडल्या. उपेंद्रराव त्यांच्या शेजारी बसले. मी उगाच बादली शोधायला गेलो.

संध्याकाळपर्यंत पाणी उतरलं. फरशी उखडली होती, खालचे सगळे प्रेस फुगले होते, आणि ते भरून देणारं कुणी नव्हतं. भिंतीवर गुडघ्याखाली ओलीची एक सरळ कड राहिली होती. मी म्हणालो, वाळली की रंग देऊन टाकू, कळणारही नाही.

कौमुदीताईंनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. मग ड्रॉवरमधून पेन्सिल काढली आणि चिखलात गुडघे टेकून बसल्या.

"थांब," उपेंद्रराव म्हणाले. ते वरून स्केल घेऊन आले, ओलीच्या कडेला लावून दोन्ही हातांनी घट्ट धरली, आणि कौमुदीताई रेघ ओढून शेजारी तारीख लिहीपर्यंत हलू दिली नाही.