ताईच्या पायातली सुई

माझी ताई न दुखणाऱ्या जखमेने गेली.

आज वर्ष झालं.

शोभाताई. उल्हासनगरला जीन्सच्या कारखान्यात वीस वर्षं शिलाई मशीनवर. राहायची खरवईला, माझ्याच बिल्डिंगमध्ये. शुगर होती. गोळी आठवली की घ्यायची.

एका रविवारी माझ्याकडे जेवायला आली. पाय पसरून बसली आणि मला वास आला. तळव्याला फडकं बांधलेलं.

"ताई, काय झालंय?"

"काही नाही गं, फोड आहे. दुखत पण नाही."

फडकं सोडलं. काळपट भोक. मी दाबलं, तर पू आला.

ती टीव्ही बघत होती. मी दाबलं हे तिला कळलंच नाही.

तिला तसंच उठवून एक्स-रेला नेलं.

एक्स-रेत मशीनच्या सुईचं तुटलेलं टोक दिसलं. शुगरने तळवे बधिर झालेले; कधी घुसलं, तिलाच माहीत नाही.

अंबरनाथच्या हॉस्पिटलात सुई काढली, पू तपासायला पाठवला. रिपोर्ट आला तसे डॉक्टर म्हणाले, "हे जंतू नेहमीच्या अँटिबायोटिक्सना दाद देत नाहीयेत."

मग पेनाने त्यांनी ताईच्या पोटरीवर, लाली चढली होती तिथवर, रेघ मारली.

"लाली या रेघेच्या वर गेली तर गुडघ्याखाली पाय काढावा लागेल. लगेच."

मी सारखी चादर उचलून बघत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी लाली रेघेच्या दोन बोटं वर होती.

ताईने माझा हात घट्ट धरला. "पाय गेला तर मशीनवर बसू कशी? दोन दिवस थांबायला सांग ना त्यांना. तुझं ऐकतील."

डॉक्टर परत परत समजावत होते. ताई रडत होती.

आणि मी म्हणाले, "दोन दिवस थांबू या."

दोन दिवस मिळालेच नाहीत. दुसऱ्याच दुपारी तिला थंडी भरली. मला ओळखेना. बीपी पडत गेलं. घाईघाईत पाय काढला, पण इन्फेक्शन रक्तात गेलं होतं.

ताई शुद्धीवर आलीच नाही.

सगळे म्हणतात, तुझी चूक नाही. मला पटत नाही.

आता माझी पण शुगर निघालीय. रोज आंघोळ झाली की जमिनीवर आरसा ठेवून तळवे बघते. कधी हिंमतच होत नाही, मग मुलीला हाक मारते.

"आई, काही नाहीये."

"नीट बघ. परत बघ."

घरात कोणाला शुगर असेल तर आज त्यांचे तळवे बघा. विचारू नका, बघा.

ताई, एका पायाची का होईना, तू हवी होतीस गं.

तुझ्या धाकटीचा तुला नमस्कार.