आमचे उद्योग बंद

बसा, कॉफी घ्या, पण माझं सांगून होईपर्यंत हसायचं नाही. नंतर पोटभर हसा. हे आठवलं की माझी कानशिलं अजून तापतात. असला मूर्खपणा माणूस एकदाच करतो, पण मी तो चार महिने रोज केला!

मी पद्मा, कुंभकोणमची. आमची माणसं तीनेकशे वर्षांपूर्वी इकडे आली ती इथलीच झाली. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. आमची मराठी ऐकून तुम्हा लोकांना गंमत वाटते, ठाऊक आहे मला. 'बाई, बखर वाचून दाखवताय का?' असं एका गिऱ्हाइकानं फोनवर विचारलं होतं. विचारू दे! त्याच मराठीवर माझी नोकरी चालते. पितळी समया आणि भांडी बाहेरगावी पाठवणाऱ्या एका कंपनीत मी एकोणीस वर्षं आहे. मोठं ऑफिस पुण्याला. महाराष्ट्रातून ऑर्डरचा फोन आला की तो माझ्या टेबलावर.

आणि एकोणीस वर्षं आमची जेवणाची सुट्टी एक ते दोन. एक वाजला की स्कूटर काढायची, दहा मिनिटांत घर. घरी सासरे, आमचे मामंजी. चौऱ्याऐंशी वर्षांचे, दोन्ही डोळे अधू. नवरा आडुतुरैला नोकरीला, मुलगी चेन्नईत. मग वाढणार कोण? एकदा मला उशीर झाला, तर मामंजींनी आपलं आपण वाढून घेतलं. रसम म्हणून भातावर दिव्याचं तेल ओतलं! आणि वर मलाच म्हणाले, "आज मीठ कमी पडलं होतं गं."

असं सगळं असताना पाच महिन्यांपूर्वी पुण्याहून नवे मॅनेजर आले. पाटणकर सार, म्हणजे तुमच्याकडचे सर. पहिल्याच आठवड्यात भिंतीवर कागद लागला: जेवणाची सुट्टी एक ते एक तीस. परत आल्याची वेळ रजिस्टरात लिहून सही करणे.

अर्धा तास! दहा मिनिटं जायला, दहा यायला, उरली किती? त्या दहा मिनिटांत चौऱ्याऐंशी वर्षांच्या माणसाला सांबार-भात, रसम-भात, ताक-भात वाढायचा, त्यांचा हात धुवायचा, आणि मी काय वाटेत हवा खायची? गुरांना वैरण टाकायलासुद्धा याहून जास्त वेळ लागतो हो!

तुम्ही म्हणाल, विचारलं नाहीस का? विचारलं की! त्याच दिवशी केबिनीत गेले.

"सार, अर्धा तास पुरायचा नाही."

"मॅडम, डबा आणत जा ना. डबा खायला किती वेळ लागतो?"

"डबा आणीन मी. पण सासऱ्यांना कसं आणू?"

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. 'बघू, बघू' म्हणाले आणि हातानंच मला जा म्हणाले. हातानंच! एकोणीस वर्षं नोकरी केलेल्या बाईला!

मग मी काय करणार? मीही युक्ती काढली. रजिस्टर असतं सेल्वीच्या टेबलावर. सेल्वी म्हणजे आमच्याकडे माल रवाना करायचे कागद करते ती, तिशीची. ठरलं असं की मी येणार दोनला, सेल्वी वेळ लिहिणार एक तीस, आल्यावर मी सही ठोकणार. उलट, चहाच्या दहा मिनिटांत सेल्वीला शाळेतून पोर आणून आईकडे सोडायची असते. तिला अर्धा तास लागतो, मी लिहिते दहा मिनिटं. हे कळल्यावर पॅकिंगचे पाच जण तरी कशाला मागे राहतील? तेही जेवून दोनपर्यंत गोदामात आडवे व्हायला लागले. सगळ्यांची वेळ एक तीस! मधे फोन वाजलाच तर सेल्वी तमिळमध्ये बोलायची. पलीकडचा आपणच ठेवून द्यायचा.

आणि सारांना पत्ता नाही. एकपासून दोनपर्यंत ते केबिनीचं दार लावून पुण्याशी मीटिंगला बसायचे. रोज तो भिंतीवरचा कागद बघून मी दात खायची, आणि रोज झोकात सही करायची.

गेल्या महिन्यातला बुधवार. साडेअकराला एक ऑर्डर दाखवायला मी केबिनीकडे गेले. दार अर्धं उघडं. सार फोनवर, मराठीत, आणि आवाज चढलेला.

"सगळं कळलंय मला! दुपारी मी समोर नसतो ना, म्हणून दोघी मिळून वाटेल ते करतात. बास! आजपासून दोघींचे उद्योग बंद! एकदम बंद! रडू देत रडायचं तर."

ऑर्डर हातात तशीच धरून मी दारातूनच परत फिरले.

तुमच्याकडे उद्योग कशाला म्हणतात, ते मला त्या दिवशी दुपारी कळलं. आमच्या घरात उद्योग म्हणजे नोकरी. तमिळमध्येही तेच. म्हणजे मी काय ऐकलं? दोघींची नोकरी आजपासून बंद!

आधी भीती वाटली. मग जो राग आला, काय सांगू! काढणार? वीस-तीस मिनिटांसाठी? आणि 'रडू देत'? मी रडणारी वाटले काय याला?

सेल्वीला सांगितलं, तर ती मात्र खरंच रडायला लागली. तिचे हुंदके ऐकून पॅकिंगचा मुख्य मुरुगेशन आला. त्याला सांगितलं, तर त्यानं हातातली सुतळी खाली आपटली.

"अक्का, तुम्हा दोघींना काढलं तर एक समई इथून हलणार नाही. आज कुणी डबा उघडायचा नाही!"

"मुरुगेशन, तुम्ही जेवा. शुगर आहे तुम्हाला."

"शुगर असू दे. आधी न्याय!"

बघता बघता पाचही जण अंगणात येऊन बसले. पुढ्यात बंद डबे. मी शेजारच्या बाईंना फोन करून मामंजींना वाढायला सांगितलं, आणि रागारागात राजीनामा लिहिला. मराठीतच लिहिला. पुण्याच्या माणसाला नीट टोचायला हवा ना! 'तुम्ही आमचे उद्योग बंद करण्याआधी मीच माझा उद्योग सोडते.' खाली सही.

एकला पाच कमी असताना केबिनीत शिरले आणि कागद टेबलावर आपटला. सारांनी वाचला. पुन्हा वाचला.

"चांगलं आहे की!" म्हणाले. "सोडा. पण मॅडम, तुम्ही काय उद्योग करत होता?"

ऐकलंत? एकोणीस वर्षं राबलेल्या बाईला विचारतात, काय उद्योग करत होता! माझा तोल गेला.

"काय करत होते विचारता? तुमची सगळी गिऱ्हाइकं मी सांभाळली! समई चेपली म्हणून शिव्या मी खाल्ल्या! ताप असताना आले, सणाला आले! आणि मला जेवायला अर्धा तास? अर्ध्या तासात येतं कोण इथं? कोणी येत नाही! मी दोनला येते! सेल्वी माझी वेळ लिहिते, मी सेल्वीची लिहिते! पॅकिंगवाले दोनपर्यंत झोपतात! चार महिने! ह्यासाठी काढणार ना आम्हाला? काढा!"

बाहेर अंगणात आरोळी उठली, "न्यायम् वेण्डुम्!" न्याय हवा!

सार खुर्चीत मागे रेलले. तोंड उघडं.

"तुम्हाला कोण काढतंय?"

"तुम्हीच! मघाशी फोनवर म्हणालात की, दोघींचे उद्योग बंद!"

"अहो, त्या माझ्या मुली! सहा वर्षांच्या जुळ्या. घरमालकांच्या गाईला लिपस्टिक लावली त्यांनी. बायकोचा फोन होता."

मी उभी होते ती खुर्ची धरून बसले. उद्योग म्हणजे खोड्या, हे त्यांनी मला समजावून सांगितलं. मी राजीनामा गुपचूप ओढून घ्यायला हात पुढे केला, पण त्यांनी त्यावर हात ठेवला.

"थांबा. तुम्ही दोनला येता?"

आता काय लपवणार? सगळं मीच ओरडून सांगितलं होतं. मान हलवली.

सारांनी डोकं धरलं. मला वाटलं, आता मात्र खरंच गेली नोकरी. पण ते म्हणाले, "मॅडम, तुम्ही हे आधी का नाही बोललात?"

"बोलले होते! पहिल्याच दिवशी! तुम्ही हातानं जा म्हणालात!"

"चुकलं माझं. पण दुसऱ्या दिवसापासून रजिस्टरात एक तीस. मला वाटलं, तुम्ही घरी काहीतरी सोय केली." त्यांनी सेल्वीकडून रजिस्टर मागवलं आणि माझ्यापुढे उघडलं. "हा नियम कायमचा नव्हता हो. महिनाभर करून बघायचा होता. बाकी शाखांतले लोक उशिरा आले, त्यांनी खऱ्या वेळा लिहिल्या. तिकडे परत एक तास झाला. पुण्यानं मला विचारलं, कुंभकोणमला जमतंय का? मी ह्या पानांचे फोटो पाठवले."

मी पान बघितलं. एक तीस. एक तीस. एक तीस. आणि प्रत्येक ओळीपुढे माझी ती झोकदार सही.

"पुण्याचे साहेब म्हणाले, इथं तर एकाही माणसाला एक मिनिट उशीर नाही, कशाला बदलायचा? म्हणून फक्त इथं नियम कायम झाला."

"मग आता?"

"आता महिनाभर खऱ्या वेळा लिहा. मी ती पानं पाठवतो. तोवर अर्धाच तास. माझा नाइलाज आहे."

आणखी एक महिना! पण तक्रार तरी कुठल्या तोंडानं करणार?

बाहेर आले. पाच उपाशी माणसं उठून उभी राहिली. कुणालाही काढत नाहीत, पण बाकी शाखांत परत एक तास झालाय आणि इथं अजून अर्धाच, एवढं मी सांगितलं. सेल्वीनं डोळे पुसले. मुरुगेशनचा शर्ट घामानं भिजलेला, घसा बसलेला, पण मूठ अजून आवळलेली.

"अक्का, कळलं का काही? सगळीकडे एक तास आणि आपल्यालाच अर्धा, हे कुणामुळे झालं? नुसतं नाव सांगा. पुढचं मी बघतो!"

मग मी सांगितलं नाव. नवऱ्याच्या नावासकट, पूर्ण.