मीठ बरोबर

मांसाच्या बोट्यांना मसाला लावताना मीठ एकदाच पडतं. जास्त पडलं की बोट्या धुऊनही उपयोग नाही. हे मला सासूनं शिकवलं. अकोल्यात कापसाच्या बाजाराबाहेर सासऱ्यांची कबाबाची भट्टी होती. त्या वर्षांत सातासमुद्रापार कुठेशी लढाई पेटली, इकडे कापसाला सोन्याचा भाव आला आणि गाडीवानांची गर्दी आमच्या निखाऱ्यांपर्यंत येऊ लागली. सासरे आणि माझा नवरा कबाब भाजायचे, पण परात सासूची. कच्ची पपई, दही, आलं-लसूण, तिखट घालून ती बोट्या चोळत बसायची. तिचं तोंड फटकळ, घरात तिच्या वाऱ्याला कुणी उभं राहत नसे. पण परातीपाशी सासरेही आवाज चढवत नसत.

एका हिवाळ्यात घरात ताप शिरला. माझं चार महिन्यांचं लेकरू गेलं. सासू वाचली, पण तिच्या जिभेची चव गेली. तिनं हे फक्त मला सांगितलं, तेही दटावून. सासऱ्यांना कळलं तर परात हातची जाईल, ही तिची धास्ती. तेव्हापासून मसाला ती लावायची आणि मी बोट जिभेला लावून मीठ सांगायची.

लेकरू जाऊन आठ दिवस झाले होते. मी परातीजवळ डोळे पुसत बसले होते. ती म्हणाली, "रडाचं तं तिकडं जाऊन रड. इथं मीठ वाढते."

ते मी ऐकून घेतलं, पण विसरले नाही.

मग रमजान आला. अशक्तपणामुळे सासूला रोजे नव्हते, मला होते. साहजिकच मीठ तीच चाखते असं घरात सगळे धरून चालले. खरं तर दाराआड मीच मसाला जिभेच्या टोकाला लावून लगेच थुंकत असे. तेवढ्यानं रोजा मोडत नाही.

एक दिवस कापसाच्या एका बड्या आडत्यानं इफ्तारीसाठी कबाब सांगितले. मांस खूप होतं, घाई होती, आणि सासूनं मीठ दोनदा टाकलं. मी पाहिलं. तिनं परात माझ्याकडे सरकवली. मी चाखलं, थुंकले, तरी तोंड खारटच राहिलं म्हणून पुन्हा थुंकले.

"बरोबर हाय," मी म्हणाले.

संध्याकाळी कबाबांची ताटं जशीच्या तशी परत आली. सासऱ्यांनी दारातच विचारलं, मीठ कोणी पाहिलं? सासूनं नुसतं माझ्याकडे बोट केलं असतं तरी मी मेले असते.

"म्याच पायलं," ती म्हणाली. "तिचा तं रोजा हाय."

सासऱ्यांनी ताटातला एक कबाब तिच्या हातात दिला आणि काय चुकलं ते सांग म्हणाले. ती बराच वेळ चावत राहिली. एकदा माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

"जरासं अळणी झालं," ती म्हणाली.

सासऱ्यांनी परात उचलली आणि माझ्यापुढे ठेवली.

त्यानंतर तिनं मसाल्याला हात लावला नाही. भिंतीला टेकून लसूण सोलायची आणि ताटात पडेल ते खायची. तिचं फटकळ बोलणंही गेलं, आणि मला त्याचाच जास्त त्रास व्हायचा. पुढच्या रमजानात न राहवून मी बोलले, "अम्मा, त्या दिवशी मीठ जास्त होतं. मले समजलं होतं."

"मालूम हाय," ती म्हणाली. "तू दोनदा थुंकली होती. कमी का जास्त, तेवढंच नाई समजलं."

मग पुन्हा का नाही विचारलं, असं मी म्हटलं. तिनं हातातली पाकळी सोलून संपवली.

"एक डाव इचारलं होतं ना."

पुढल्या कापसाच्या हंगामापर्यंत ती राहिली नाही. तिनं दुसऱ्यांदा विचारलं असतं तर मी खरं सांगितलं असतं, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगत आले. मी सांगितलं नसतं.