भट्टी आबांची, बाकडी नानांची

धाकटी लेक दौंडला दिली आणि आमचं घाटावर जाणं-येणं सुरू झालं. त्याआधी आम्ही चिपळूणची माणसं पुण्याच्या पलीकडे कशाला जातोय? या थंडीत गेले, तर विहीणबाई म्हणाल्या, "इहीणबाई, वढूला जाऊन येऊ. संभाजी महाराजांच्या समाधीला अजून आलाच न्हाई तुम्ही." जावयांनी ओळखीची जीप ठरवून दिली. लेक डबा बांधायला लागली, तर सासूने तिला थांबवलं. वाटेत एक जुनं हॉटेल आहे, तिथली शेंगुळी खायची म्हणे. (शेंगुळी म्हणजे हुलग्याच्या, आपल्या कुळथाच्या, पिठाची बोटाएवढी वळी करून लसणाच्या रश्शात शिजवतात.) मग ड्रायव्हरशेजारी कोणी बसायचं यावर थोडं बोलणं झालं आणि विहीणबाई पुढे बसल्या. मुलाकडच्या ना त्या.

वाट जरा वाकडी करून आम्ही इनामगावला थांबलो. घोड नदीच्या काठी हजारो वर्षांपूर्वीचं गाव जमिनीखाली सापडलं, असं मी कुठेतरी वाचलं होतं. उतरून बघते तर उंचवटा, बाभळी आणि आमच्याकडे टक लावून बघणारी दोन शेरडं (शेळ्या).

"हितं सापडलं काय?" विहीणबाईंनी विचारलं.

मी म्हटलं, "घरं, रांजण, चुली."

"चुली व्हय? एक तर आमच्याच घरात हाय, चालू. तिला बघाया कोन येत न्हाई."

तरी मी हात जोडले. कोणा बाईने एवढ्या वर्षांमागे तिथे भाकरी थापली असेल, तिला एक नमस्कार तर करायचा. मग दोन्ही बाजूंनी उसाचे फड लागले, बैलगाड्या लागल्या, आणि पुढच्या फाट्यावर जीपचा एक टायर बसला. बसला तो नेमका त्या हॉटेलच्या दारात. विहीणबाईंनी हे ठरवून केलं असं ड्रायव्हरचं मत पडलं.

आपल्याकडे हॉटेल म्हटलं की लोक राहायच्या खोल्या विचारतात. इथे हॉटेल म्हणजे दगडी भिंती, वर पत्रा, दारात लिंबाचं झाड (आपला कडुनिंब) आणि आत लाकडी बाकडी. चहाच्या स्टोव्हपाशी टोपी घातलेले एक हसरे गृहस्थ होते. हे नाना. त्यांनी पाणी दिलं, गाव विचारलं, लेकीचं सासर विचारलं. मी म्हटलं, "दोन ताटं शेंगुळी द्या."

"ते खिडकीत सांगा," नाना म्हणाले.

त्यांच्या पाठीमागेच मातीची भिंत होती आणि तिच्यात एक चौकोनी खिडकी. पलीकडे भट्टी, भट्टीपुढे पांढऱ्या मिशांचे दुसरे गृहस्थ. नानांचेच थोरले भाऊ, आबा. त्यांना सांगितलं, तर म्हणाले, "देतो. पन आधी त्याला इचारा, बसाया जागा हाय का."

मी वळून पाहिलं. सगळी बाकडी रिकामी. नानांनी ऐकलेलंच होतं, त्यांचे कान खिडकीपासून हातभर लांब. तरी मी विचारेपर्यंत ते गप्प राहिले. मग म्हणाले, "हाय म्हनावं." मी परत वळले आणि आबांना म्हटलं, "आहे." ते म्हणाले, "बरं."

मी विहीणबाईंकडे पाहिलं. त्या पदराआड हसत होत्या. "लई वर्सं असंच हाय," म्हणाल्या. "तुम्हाला बोलाया आवडतं, म्हनून आनलं."

शेंगुळी शिजेपर्यंत हॉटेलची कूळकथा ऐकली. ती नाना सांगत होते आणि खिडकीतून आबा दुरुस्त करत होते, दोघेही माझ्यामार्फत. त्यांचे वडील मेंढपाळ. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन कोकणात उतरायचे. मी म्हटलं, "अहो, आमच्या शेतात दरवर्षी मेंढरं बसायची, खतासाठी."

"मग ती आमचीच," नाना लगेच म्हणाले.

खिडकीतून आवाज आला, "त्याला सांगा, आपली मेंढरं म्हाडकडं जायची. चिपळूनला न्हाई."

"त्यांना म्हनावं, तुमी तवा पाळन्यात हुता."

"आन् हा कुठं हुता? थोरला कोन, इचारा त्याला."

मी एवढंच विचारलं, "पुढे काय झालं?"

पुढे असं झालं की एका वर्षी घाट चढून आल्यावर म्हातारा या लिंबाखाली बसला, तो उठलाच नाही. म्हणजे धडधाकट होता, पण चालायचा कंटाळा आला, म्हणाला. गाडीत पाणी घालायला ट्रकवाले इथे थांबायचे, त्यांना शेळीच्या दुधाचा चहा देऊ लागला. म्हातारी घरच्यांसाठी शेंगुळी शिजवत होती, तिचा वास एका ड्रायव्हरला लागला आणि हॉटेल झालं. थोरला आईशेजारी बसून वळी वळायला शिकला, धाकटा बापाशेजारी बसून गप्पा मारायला. दोघे मिळून एक हॉटेल होते, म्हणा ना.

म्हातारा-म्हातारी गेल्यावर भावकीत एक लग्न होतं. नाना पुढे बसलेले, म्हणून पहिला फेटा त्यांना बांधला गेला. थोरला मागे, बोडका. आबा न जेवता निघून आले. झालं. पंच बसले. त्यांनी वाटणी केली, भट्टी थोरल्याला आणि बाकडी धाकट्याला. अडचण झाली की चार दिवसांत दोघे एक होतील, असा पंचांचा हिशेब. पण गिऱ्हाईक शहाणं निघालं. खिडकीतून ताट घ्यायचं, येऊन बसायचं, आणि जाता-येता ह्याचं त्याला, त्याचं ह्याला सांगायचं. अडचण कुणाला झालीच नाही.

ताटं द्यायला आबांच्या मंडळी खिडकीत आल्या. वरची कोथिंबीर आबांनी स्वतः पेरली. मी पहिला घास घेतला आणि मला माझ्या आईचं कुळथाचं पिठलं आठवलं. विहीणबाई म्हणाल्या, "शेवटचं हाय, सावकाश खावा."

"शेवटचं म्हणजे?"

आबांच्या मंडळींनीच सांगितलं. लेक रांजणगावला कंपनीत, त्याला तिथलं कॅन्टीन मिळालंय. आई-बापाला तिकडेच नेतोय. भांडी न्यायला टेम्पो येणार होता. "ह्यांचं मन न्हाई," त्या म्हणाल्या, मग आवाज चढवून, "पन थांबा म्हनाया हितं हाय कोन?"

नाना एक बाकडं पुसत होते. ते पुसून झालं, तरी तेच पुन्हा पुसायला लागले.

टेम्पो आला. आबा भट्टीवरून मोठं पितळी पातेलं उतरवायला लागले. नाना माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "बाई, तेवढं आबाला सांगा, जाऊ नका म्हनावं."

आता मी मघापासून निरोपांच्या किती खेपा घातल्या होत्या, आणि उभ्या जन्मात कुणाचं बोलणं पोचवायला मला कंटाळा आलेला नाही. पण त्या वेळी जीभ उचलेना. म्हटलं, "माझे गुडघे गेले हो. तुम्हीच सांगा."

त्यांनी विहीणबाईंकडे पाहिलं. "माझ्याकडं बघू नका," त्या म्हणाल्या. "मी जेवतीया."

नाना एकदम बाहेरून वळसा घालून पलीकडे गेले. आम्ही दोघी ताटं घेऊन खिडकीशी. पातेल्याचा एक कान आबांच्या हातात होता, दुसरा नानांनी धरला. आबांना वाटलं, टेम्पोत चढवायला आलाय. त्यांनी दाराकडे ओढलं. नानांनी भट्टीकडे ओढलं.

"कुठं न्हेतूस?" आबा म्हणाले. नानांनाच म्हणाले, थेट.

"भट्टीवर."

"कशाला?"

"सांच्याला गिऱ्हाईक यील."

"तुझं गिऱ्हाईक. तुझं तू बघ."

"मला वळी येत न्हाईत."

"शिकला न्हाईस कवा."

"शिकिवलं कवा तुमी?"

पातेलं मधल्यामधे लोंबकळत होतं. "भावजी, खाली ठेवा ते, आन् मग भांडा," आबांच्या मंडळी म्हणाल्या. टेम्पोवाल्याने दारातून विचारलं, "चढवायचं का काय?" आबांनी आपला कान सोडला आणि टेम्पोवाल्याला म्हणाले, "च्या घे तू आधी." पण चहा तर पलीकडच्या बाजूला. तो दाखवायला आबाच निघाले, वळसा घालून आत आले आणि बाकड्यावर बसले. पातेलं भट्टीवर टेकवून नानाही मागोमाग आले आणि त्यांनी पुढ्यात कपबशी ठेवली. आबांनी बाकड्यावर हात फिरवून पाहिला. "पुसलंस चांगलं," म्हणाले.

टायर लागला, आम्ही निघालो. तळेगाव ढमढेऱ्यात बाजार होता, तिथे विहीणबाईंनी वांग्यांवरून घासाघीस केली. वढूला समाधीपुढे दोघींनी डोकं टेकवलं.

परतीला त्याच फाट्यावर जीप थांबवायला लावली. टेम्पो नव्हता. भट्टी पेटलेली, पातेलं तिच्यावर, आणि नाना परातीपुढे मांडी घालून वळी वळत होते. वळी कसली, काकड्याच त्या. आबा डोक्याशी उभे राहून बोलत होते, "अरं, शेंगुळी करतूयास का म्हशीचं दावं वळतूयास?" नाना म्हणाले, "मग बसा की हितं खाली, दाखवा." आबा बसले.

चिपळूणला येऊन महिना झाला. लोक विचारतात, घाटावर काय बघितलंत. मी महाराजांची समाधी सांगते, इनामगावचा उंचवटा सांगते, आणि त्या फाट्यावर आले की माझं बोलणं आवरत नाही. माणसं एका पत्र्याखाली अशी गप्प जगू शकतात आणि तिसऱ्याच्या तोंडून सगळा संसार चालवतात, हे बघून मी हसले खरी, पण घरी आल्यावर, जिच्याशी इतके दिवस निरोपानेच बोलणं होतं त्या माझ्या धाकट्या जावेला स्वतः जाऊन भेटले.

परवा दौंडहून विहीणबाईंचा फोन आला. मी आधी हॉटेलचीच चौकशी केली.

"चालू हाय," त्या म्हणाल्या. "पोरगं रागावून गेलं, त्यानं दुसरा आचारी बघितला. आन् दोघं सकाळपास्नं भांडत्यात नुसतं. गिऱ्हाईक कटाळलं बघा."

मी म्हटलं, "भांडू दे."