पाचरीचं टेबल

आमच्या वस्तीत कोणी गेलं की पुण्यानुमोदनाला एकच टेबल घरोघर फिरायचं. वर पांढरी चादर, बुद्धमूर्ती, मेणबत्त्या आणि गेलेल्या माणसाचा फोटो. ते टेबल मीच केलेलं, घाईघाईत, कोपऱ्यांना लोखंडी अँगल आणि स्क्रू मारून. दारं अरुंद, त्यामुळे दर वेळी पाय खोलावे लागत आणि दर वेळी स्क्रूची भोकं आणखी सैल होत. मागच्या उन्हाळ्यात शेजारच्या म्हाताऱ्याच्या कार्यक्रमात वंदना चालू असतानाच एक पाय मुडपला आणि म्हाताऱ्याचा फोटो तोंडावर पडला. सुतार म्हणून माझी मान खाली गेली.

"माया फोटो असा पडला नाई पायजे," घरी आल्यावर बायको म्हणाली.

नागपूरच्या डॉक्टरांनी 'आता घरीच ठेवा' म्हणून तिला परत पाठवलं होतं. ती हे हसत म्हणाली, म्हणून मी तिच्यावर खेकसलो. पण दुसऱ्या दिवशी लाकूड काढलं. एका जुन्या चौकटीचं सागवान माळ्यावर पडून होतं, चांगलं मुरलेलं.

प्रश्न होता कोपऱ्यांचा. मी म्हटलं, पायाला भोक पाडतो, पाय जोडणाऱ्या पट्टीच्या टोकाला चूल, म्हणजे भोकात बसणारी जीभ, काढतो आणि गोंद लावून ठोकून टाकतो. जन्मात हलणार नाही.

"अन् दारातून कसा नेसान? का माया कार्यक्रम रस्त्यावर ठेवता?" ती खाटेवरून म्हणाली.

मग मी नटबोल्ट सुचवले.

"बोल्ट हरपते. पोट्टे खेळाले नेते."

तिच्या अंगात त्राण नव्हतं, पण वादात हार नाही. त्या भांडणात मला बरं वाटायचं, कारण तेवढा वेळ ती पहिल्यासारखी असायची.

शेवटी पाचरीच्या सांध्यावर आमचं जमलं. चूल लांब ठेवायची, पायाच्या आरपार काढायची आणि बाहेर आलेल्या टोकाला भोक पाडून त्यात लाकडी पाचर ठोकायची. पाचर काढली की पाय सुटे, ठोकली की टेबल घट्ट. पण हा सांधा नाजूक. पाचर कमी बसली तर टेबल हलतं, जास्त ठोकली तर चुलीचं टोक फाटतं. ठोक्याचा बद्द आवाज टणक झाला की हात थांबवायचा. ते कानालाच कळावं लागतं.

टेबल उभं झालं तेव्हा ती भिंतीला धरून आली आणि दोन्ही हातांनी एकेक कोपरा दाबून पाहिला. हललं नाही. ती खूश झाली, मी मात्र पुढचा विचार करत होतो. आमच्यात दुःखाच्या घरचा माणूस कामाला हात लावत नाही. स्वयंपाक, मांडव, सगळं शेजारीपाजारी करतात. पण हा सांधा वस्तीत माझ्याशिवाय कोणाला येत होता? तिच्या फोटोखालचं टेबल जोडायला मलाच बसावं लागणार होतं. रात्री मी तिला तसं म्हटलंही.

"आताच कायले टेंशन घेता?" एवढंच बोलून तिनं कूस बदलली.

थंडी पडायच्या आत ती गेली. कार्यक्रमाच्या सकाळी मी हातोडी घेऊन उठलो, तर शेजारच्या त्या म्हाताऱ्याची सून आडवी आली. तिच्यामागे वस्तीतल्या बाया टेबलाचे सुटे पाय घेऊन उभ्या होत्या.

"बसा भाऊजी. आमाले येते."

कसं येतं, मी विचारलं.

"वयनीनं शिकवलं. तुमी कामावर गेले का आमाले बलावे. खोलाले लावे, पुन्हा जोडाले लावे. खाटेवरून नुसता आवाज आयके अन् म्हणे, थांब, आता फाटन. माया कार्यक्रमाच्या दिवशी त्यायले हात लावू देऊ नका, असं म्हणे."

तिनं माझ्या हातातून हातोडी घेतली. मी सतरंजीवर लोकांमध्ये जाऊन बसलो. अंगणात पाचरा ठोकल्याचा आवाज येऊ लागला, बद्द, बद्द, मग टणक. बरोबर तिथेच बाई थांबली.

मला बायकोचा फार राग आला. तिनं मला त्या कामातून सोडवलं, पण हातात काही असतं तर तो दिवस कसाबसा निघाला असता. चादर अंथरून त्यांनी तिचा फोटो ठेवला. टेबल जराही हललं नाही आणि मला करायला काहीच उरलं नाही.