डाव्या कोपऱ्यातला पास

माझ्या मावशीला वर्कशॉपमध्ये सगळे मायक्रॉन म्हणतात. ती लेथवर पंपाचे शाफ्ट घडवते आणि केसाच्या जाडीएवढी चूकही तिला चैन पडू देत नाही. याच वर्कशॉपच्या बास्केटबॉल संघातून ती अकरा वर्षं खेळली. गुण बहुतेक तिचे, हार सगळ्यांची. चारदा सेमीफायनल, फायनल एकदाही नाही. छत्तिसाव्या वर्षी डॉक्टरांनी तिचा गुडघा दाबून पाहिला आणि सांगितलं, "अजून एक हंगाम. मग जिने चढायला काहीतरी शिल्लक ठेवा."

त्याच आठवड्यात तिने वीज कंपनीच्या संघाचा फॉर्म भरला. आमच्या लीगमध्ये प्रत्येक संघाला बाहेरच्या दोन खेळाडू घेता येतात; नोकरी आहे तिथेच राहते. वीज कंपनीने सलग सहा वर्षं कप नेला होता. मावशीला तो एकदा, एकदाच, हातात धरायचा होता. पण ज्यांना सोडून ती चालली होती त्यांच्याच शेजारच्या मशीनवर तिला रोज उभं राहायचं होतं.

"जिथं खोबरं तिथं चांगभलं," फोरमन म्हणाला.

"खोबरं अकरा वर्षं मीच खवतेय," मावशी म्हणाली. "तोंडात कधी पडलं नाही."

वर्कशॉपची वेल्डरबाईही त्याच संघात होती. ती मावशीची जिवाभावाची मैत्रीण. मैदानावर तिची जागा ठरलेली, डावा कोपरा. मावशी कोंडीत सापडली की न बघता चेंडू तिकडे फेकायची आणि वेल्डरबाई झेलून तसाच बास्केटमध्ये टाकायची. त्या दिवशी तिने काळी काच तोंडावर ओढली ती जेवणाच्या सुट्टीपर्यंत वर केली नाही.

वीज कंपनीत मावशीसारख्या पाच जणी होत्या. पहिले चार सामने ती बाकावरच बसून होती.

"तू तिथं खेळायला जातेस की फर्निचर तपासायला?" काकांनी, म्हणजे मावशीच्या नवऱ्याने, विचारलं.

"बाकाचा एक पाय दोन मिलिमीटर आखूड आहे," ती म्हणाली आणि गुडघ्यावर बर्फ ठेवला.

पाचव्या सामन्याला प्रशिक्षकबाईंनी तिला उठवलं. "गुण करायला आमच्याकडे खूप आहेत. तू फक्त अडव." जन्मभर चेंडू टाकणारी मावशी छत्तिसाव्या वर्षी चेंडू अडवायला शिकली. वीज कंपनी फायनलला गेली, त्यात नवल नव्हतं. नवल हे, की समोर वर्कशॉप आलं. मावशी नसल्यामुळे तिथे प्रत्येकीला स्वतः चेंडू टाकणं भाग पडलं होतं.

तीन महिन्यांनी वेल्डरबाई मावशीशी पहिल्यांदा बोलली. "तू गेलीस आणि बघ, आम्हाला हात फुटले."

घरी मावशी म्हणाली, "त्या जिंकल्या तर माझ्याएवढी मूर्ख मीच."

फायनलला शेवटचे तीस सेकंद उरले होते आणि वीज कंपनी एका गुणाने मागे. चेंडू मावशीकडे आला. वर्कशॉपच्या दोघींनी तिला घेरलं. तिने न बघता चेंडू डाव्या कोपऱ्यात फेकला. अकरा वर्षांची सवय.

डाव्या कोपऱ्यात वेल्डरबाई होती. बचावाला उभी, वर्कशॉपच्या निळ्या जर्सीत. तिने चेंडू झेलला आणि तसाच बास्केटमध्ये टाकला. तिचीही अकरा वर्षांची सवय. चेंडू रिंगला न शिवता आत गेला. स्वतःच्याच बास्केटमध्ये.

पंचांनी क्षणभर एकमेकांकडे पाहिलं. नियम सरळ आहे: चुकून आपल्या बास्केटमध्ये टाकलं तर दोन गुण समोरच्यांचे. वीज कंपनी एका गुणाने पुढे.

वेल्डरबाईचं तोंड लाल झालं. पुढचा चेंडू तिने हट्टाने मागून घेतला आणि थेट मावशीसमोर आली. घड्याळात चार सेकंद. बास्केटमध्ये टाकण्याआधी ती चेंडू दोनदा आपटते, हे मावशीइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. एक. दोन. चेंडू वर उचलला जायच्या आत मावशीचा पंजा त्यावर पडला. ती गुडघ्यासकट त्याच्यावर आडवी झाली आणि भोंगा वाजेपर्यंत त्याला पोटाशी धरून राहिली. मग तिथेच पडल्या पडल्या हसायला लागली.

कप तिने दोन्ही हातांनी डोक्यावर उचलला तेव्हा त्याचा एक कान तुटून तिच्या हातात आला. सहा वर्षं सगळ्यांनी तिथेच धरून उचलला होता.

"सोमवारी घेऊन ये," खालून वेल्डरबाई ओरडली. "डाख देते."

सोमवारी कप वर्कशॉपमध्ये आला. जोड गार झाल्यावर वेल्डरबाई म्हणाली, "वीज कंपनीने मला बोलावलं नव्हतं, तरी जिंकवणारे दोन गुण माझेच."

"म्हणून तर तुझ्याकडे आणला."

फोरमनने खोबऱ्याचा विषय काढला नाही. मावशीने कॅलिपर लावून दोन्ही कान मोजले. "पाव मिलिमीटर तिरका आहे."

"मोज परत," वेल्डरबाई म्हणाली आणि कपचं दुसरं टोक धरून उभी राहिली.